सातबाऱ्याची दुसरी प्रत

बीड जिल्ह्याला जुन्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलांच्या अभिलेख कक्षांतले रुमाल सुटले, धूळ झटकली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. बीड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे इथे न सापडणारा कागद तिथे असेल, या आशेने समितीला हैदराबादही गाठावे लागले. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. या शोधाने एक साधी गोष्ट मात्र सर्वांना दाखवून दिली. आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद आज हाती लागते ती कुणीतरी ती लिहिली म्हणून, आणि कुठेतरी ती टिकली म्हणून.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला याच जिल्ह्यात दुसरी बाजूही दिसली. आंदोलनाला लागलेल्या हिंसक वळणात माजलगाव नगर परिषदेची इमारत पेटवली गेली. आग कुणाची वाट पाहत नाही आणि कागदांत निवडही करत नाही. पुराचेही तसेच. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेने बीड शहरात घातलेला धुमाकूळ जुन्या लोकांना आठवतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेच्या काठच्या गावांनी पाणी काय करते ते पुन्हा पाहिले. अशा वेळी घरातून पहिल्यांदा माणसे बाहेर काढतात, मग जनावरे, आणि मग पत्र्याची ती पेटी, जिच्यात खरेदीखत असते.

आता या पेटीतला सर्वांत महत्त्वाचा कागद पेटीत राहिलेला नाही. हस्तलिखित सातबारा बंद झाला, फेरफार संगणकावर होऊ लागले, आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला. ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात गेलेल्या धारूर-वडवणीच्या कुटुंबाला पीककर्जाच्या कागदासाठी आता गावी खेप घालावी लागत नाही. पंधरा रुपये भरले की मोबाईलवर उतारा येतो. ही सोय लहान नाही. पण ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्यही आता जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत पाठ झाले आहे. या वाक्यापाशी आपण चिडतो आणि परत फिरतो. त्याच्या पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : सर्व्हर आज बंद आहे, उद्या सुरू होईल. पण उद्या तो सुरूच झाला नाही तर? रुमाल जळाला तर हैदराबादला जाता येते. संगणकातली नोंद गेली तर कुठे जायचे?

वाड्यातली बिऱ्हाडे

हा प्रश्न नीट विचारायचा तर आधी आपला सातबारा राहतो कुठे, हे पाहिले पाहिजे. सर्व्हर म्हटले की डोळ्यापुढे एक संगणक येतो. प्रत्यक्षात आजच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये बहुतेक सर्व्हर ‘असतात’ असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. एका दणकट यंत्रात वीस-तीस किंवा त्याहून अधिक ‘आभासी’ संगणक नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे असत, तसा हा प्रकार. भिंती एकच, आड एकच, पण प्रत्येकाची चूल वेगळी. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते की आपण स्वतंत्र घरात राहतो. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या अवाढव्य यंत्रांत ती १९६० च्या दशकातच होती. साध्या संगणकांवर ती रुळली १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअरसारख्या कंपन्यांमुळे.

या बिऱ्हाडांचा एक विशेष ध्यानात ठेवावा. असा आभासी संगणक म्हणजे शेवटी काही मोठ्या फायली असतात. त्याची संपूर्ण डिस्क ही एक फाईलच. ती ज्या यंत्रावर चालते त्या यंत्रात सहसा ठेवलेली नसते. शेजारी एक मोठे कपाट असते, त्यात शेकडो डिस्का असतात, आणि सगळे सर्व्हर आपापल्या फायली त्या सामायिक साठ्यात ठेवतात. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा तीच फाईल उघडतो आणि काम पुढे चालू राहते.

सर्व्हर आणि साठा यांना जोडणारे जाळे काचेच्या तंतूंचे असते. त्याला फायबर चॅनल म्हणतात. १९९४ साली त्याचे अमेरिकी मानक ठरले. रस्त्याच्या कडेला चर खणून ग्रामपंचायतीपर्यंत आणलेली केबल आपण पाहिलेली असते. काच तीच, पण रीत निराळी. इंटरनेटवर माहितीचे पाकीट वाटेत हरवले तर ते पुन्हा पाठवतात. फायबर चॅनलमध्ये समोरच्याने ‘माझ्याकडे जागा आहे’ असे कळवल्याशिवाय पाठवणारा पाठवतच नाही. डिस्कवर लिहायच्या मजकुरातला एक तुकडा गहाळ होणे परवडत नाही, म्हणून ही शिस्त. शिवाय चांगल्या ठिकाणी अशी दोन जाळी एकमेकांपासून अलग टाकतात. एक तुटले तरी दुसरे चालू राहावे, यासाठी.

प्रत कोणत्या वाटेने न्यायची?

आता दुसऱ्या प्रतीकडे येऊ. पूर्वी प्रत्येक सर्व्हरमध्ये बॅकअपचा एक छोटा प्रोग्राम बसवत. रात्री तो जागा होई, दिवसभराच्या फायली गोळा करी आणि कार्यालयाच्या नेहमीच्या नेटवर्कवरून बॅकअपच्या यंत्राकडे पाठवी. सर्व्हर वेगवेगळे होते तोवर हे चालून गेले. पण एका यंत्रात तीस बिऱ्हाडे आली आणि तीसही जणांनी रात्री एकाच वेळी सामान बाहेर काढायला घेतले, तर जिन्यात काय होईल? तेच झाले. यंत्रही दमले, नेटवर्कही तुंबले.

हिशेबच करून पाहू. दहा टेराबाइट माहिती एक गिगाबिटच्या साध्या नेटवर्कवरून न्यायची तर सेकंदाला फार तर सव्वाशे मेगाबाइट जातात. म्हणजे ऐंशी हजार सेकंद, बावीस तासांहून अधिक. रात्र संपते, कार्यालये उघडतात, तरी प्रत अर्धीच. तीच माहिती सोळा गिगाबिटच्या फायबर चॅनलवरून सेकंदाला सुमारे सोळाशे मेगाबाइट या वेगाने गेली तर पावणेदोन तासांत हलते. प्रत्यक्षात डिस्कांचा वेग आडवा येतो आणि आकडे खाली येतात. पण बावीस तास आणि दोन-चार तास यांतला फरक म्हणजे रोज प्रत निघणे आणि न निघणे यांतला फरक आहे.

म्हणून बॅकअपचे यंत्र थेट त्या काचेच्या जाळ्यालाच जोडण्याची पद्धत आली. बीडकरांना ही कल्पना समजायला अवघड जाऊ नये. शहराच्या दक्षिणेला खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने ती बांधली. तिचे पाणी रस्त्याने जात नाही. ते जमिनीखालच्या बोगद्यातून, उताराने, शेतांकडे जाते. वर बाजार भरो की वरात निघो, खालचा प्रवाह आपल्या वाटेने चालू राहतो. बॅकअपची स्वतंत्र वाट हीच गोष्ट करते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते वरच्या रस्त्यावर फेरफार नोंदवत असतात. खालून प्रत निघत असते. एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही.

काम असे चालते. ठरलेल्या वेळी बॅकअपचे यंत्र आभासी संगणकांच्या व्यवस्थापकाला सांगते की अमुक मशीनचा स्नॅपशॉट घे. त्या क्षणी मशीनची मूळ डिस्क गोठवली जाते आणि पुढचे लिखाण वेगळ्या फाईलमध्ये होऊ लागते. वापरणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. गोठलेली डिस्क आता बदलणार नाही, म्हणून यंत्र ती फायबरवरून सरळ साठ्यातून वाचून घेते. वाचून झाले की स्नॅपशॉट काढून टाकतात आणि मधल्या काळातले लिखाण मूळ डिस्कमध्ये मिसळतात. पहिल्या दिवशी सगळे वाचावे लागते. नंतर कोणते तुकडे बदलले याची यादी व्यवस्थापकच ठेवतो आणि तेवढेच तुकडे उचलले जातात. स्नॅपशॉट काढायचा राहून गेला तर मात्र ती वेगळी फाईल गुपचूप फुगत जाते, आणि एके दिवशी साठा भरून सगळीच बिऱ्हाडे ठप्प होतात. ‘सर्व्हर डाऊन’च्या पोटात कधी कधी असले साधे कारणही असते.

बांध आणि हद्द

या स्वतंत्र वाटेत एक धोका आहे, आणि जमिनीचे तंटे पाहिलेल्या माणसाला तो लगेच कळेल. बॅकअपचे यंत्र साठ्याला जोडले म्हणजे त्याला सगळ्यांच्या घरात शिरायची वाट मिळाली. म्हणून फायबरच्या जाळ्यात हद्दी आखतात. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक तोंडाला सोळा अंक-अक्षरांचा स्वतःचा क्रमांक असतो. गावात दोन शेतकरी एकाच नावाचे असू शकतात, पण गट नंबर वेगळा असतो, तसा हा क्रमांक. कोणत्या क्रमांकाने कोणत्या क्रमांकाशी बोलायचे हे स्विचमध्ये लिहून ठेवतात. त्याला झोनिंग म्हणतात. मग साठ्याच्या कपाटातही वेगळी नोंद करतात, की अमुक कप्पा अमुक क्रमांकालाच दिसेल. हे मास्किंग. पहिला बांध रस्त्यावरचा, दुसरा दारातला. दोन्ही हवेत.

आणि शक्य असेल तिथे बॅकअपच्या यंत्राला फक्त वाचायची परवानगी द्यायची, लिहायची नाही. याचे कारण या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. काही ठिकाणी बॅकअपचे काम विंडोज चालवणाऱ्या संगणकाकडे असते. त्याला आभासी मशीनचा साठा दिसतो, पण त्यावरची लिपी वाचता येत नाही. मग तो भाबडेपणाने विचारतो : ‘ही डिस्क नवी दिसते, तयार करून घेऊ का?’ रात्रपाळीच्या माणसाने डोळे चोळत ‘हो’ म्हटले की त्या साठ्याच्या पहिल्या पानावर नवी खूण उमटते. ज्या साठ्यावर तीस बिऱ्हाडे होती तो कुणालाच ओळखू येईनासा होतो. ज्याला राखणीला ठेवले त्याच्याच हातून घर पडावे, असा हा प्रकार. जाणकार म्हणूनच आधी त्या संगणकाची ‘नव्या डिस्का आपणहून उचलायची’ सवय बंद करतात, आणि मगच त्याला जाळ्यात घेतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘आमची माहिती दोन ठिकाणी एकाच वेळी लिहिली जाते, मग बॅकअप कशाला?’ असे पुष्कळदा ऐकू येते. दोन ठिकाणी लिहिणे ही चांगली सोय आहे, पण ती आरशासारखी आहे. चुकीचा फेरफार नोंदवला गेला किंवा कुणी मुद्दाम नोंद पुसली, तर काही क्षणांत दुसऱ्या ठिकाणीही ती पुसली जाते. बॅकअप म्हणजे कालची, परवाची, महिन्यापूर्वीची प्रत. आरशात कालचा चेहरा दिसत नाही.

एक जळाले, एक वाचले

या साऱ्याची कसोटी संकटात लागते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचे प्राण गेले, वरचे मजले खाक झाले, आणि राज्यभरातल्या माणसांच्या फायलींची राख झाली. ज्या कागदांच्या प्रती आधीच स्कॅन होऊन संगणकात गेल्या होत्या, त्यांचाच काय तो आधार उरला.

पण संगणकात जाणे म्हणजे सुटका नव्हे, हे पुढे जगाने पाहिले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले. काही ग्राहकांनी बॅकअप घेतलेला होता, पण तोही त्याच आवारात ठेवलेला. मूळ आणि प्रत एकाच आगीत गेली. सर्वांत मोठा धडा दक्षिण कोरियाचा. तंत्रज्ञानात आपण ज्यांच्याकडे आदराने पाहतो त्या देशात, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा थांबल्या. त्यांतल्या पुष्कळ हळूहळू परत आल्या. परंतु अधिकाऱ्यांनी कामाच्या फायली ठेवायचा ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती. कारण असे दिले गेले की साठ्याचे आकारमान फार मोठे आणि त्याचा वेग कमी, त्यामुळे बाहेर बॅकअप ठेवता आला नाही.

हे कारण नीट ऐकले पाहिजे. आपण वर जो बावीस तासांचा हिशेब मांडला त्याचेच हे भयंकर रूप आहे. प्रत नेण्याची वाट अरुंद असली की प्रत निघत नाही. मग ‘उद्या बघू’ असे म्हणत वर्षे जातात. वेगवान वाट हा श्रीमंती थाट नाही. ती नसेल तर बॅकअप ही फक्त इच्छा राहते.

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या सर्व्हरवर खंडणीखोर हल्ला झाला. माहिती कुलूपबंद झाली. सुमारे दोन आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले, रांगा लांबल्या, रुग्णांचे हाल झाले. पण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता. ई-हॉस्पिटलची माहिती त्यावरून परत मिळवून नव्या सर्व्हरवर चढवली, असे सरकारने पुढे लोकसभेत सांगितले. एका वाचलेल्या प्रतीने लाखो रुग्णांचा इतिहास वाचवला. असे हल्लेखोर आता पहिल्यांदा बॅकअपच शोधतात, हेही इथे सांगितले पाहिजे. म्हणून बॅकअपच्या यंत्राचे पासवर्ड वेगळे असावेत, घेतलेली प्रत ठरावीक दिवस कुणालाच, अगदी व्यवस्थापकालाही, पुसता येऊ नये, आणि एक प्रत तरी जाळ्यापासून तोडलेली असावी. चुंबकीय फितीला लोक जुनाट म्हणतात, पण कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत कुठलाही हल्लेखोर तारेवरून पोहोचत नाही.

जाणकारांत एक साधा नियम रूढ आहे. प्रती तीन, माध्यमे दोन, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या गावी. आपल्याकडची शहाणी माणसे खरेदीखताची एक नक्कल घरी, एक बँकेत आणि एक मेहुण्याकडे ठेवत आली आहेत. नियम तोच.

विचारण्याजोगे तीन प्रश्न

यात बीडच्या शेतकऱ्याने काय करायचे? झोनिंग-मास्किंग त्याने शिकावे अशी अपेक्षा नाही. विहिरीचे पाणी पिणाऱ्याने पाथरवटाचे काम शिकायला हवे असे नाही. पण पाणी कुठून येते आणि आटले तर काय, हे तो विचारू शकतो.

पहिला प्रश्न : माझ्या नोंदीची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या शहरात आहे का? दुसरा : ती किती जुनी आहे? कालच्या रात्रीची प्रत परत चढवली तर आज दुपारी सातबाऱ्यावरून उतरलेला कर्जाचा बोजा पुन्हा दिसू लागतो. ज्याने कर्ज फेडले त्याच्या दृष्टीने हा एक दिवस लहान नाही. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सेवा चार तास बंद राहिली तर तेही लहान नाही. किती नोंदी गमवायला आणि किती तास थांबायला आपण तयार आहोत, हे आधी ठरवावे लागते. त्यावरून वाट किती रुंद हवी ते ठरते, आणि त्यावरून खर्च.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : ती प्रत शेवटची उघडून कधी पाहिली? बॅकअप घेतला जातो, पडद्यावर हिरवी खूण उमटते, अहवालात ‘यशस्वी’ असे छापले जाते. पण त्या प्रतीवरून आभासी मशीन पुन्हा उभे करून, त्यातला एखादा सातबारा काढून मूळ नोंदीशी ताडून पाहिला का, हे कुणी विचारत नाही. फायबरच्या वाटेवर तर हे आणखी गरजेचे. बॅकअपच्या यंत्राला आपण फक्त वाचायची परवानगी दिलेली असते. परत लिहायची वेळ आली की हद्दी तात्पुरत्या उघडाव्या लागतात किंवा दुसऱ्या, हळू वाटेने माहिती आणावी लागते. ही तालीम शांततेच्या दिवशी झालेली नसेल तर आगीच्या दिवशी ती होत नाही.

हे प्रश्न ग्रामसभेत, तहसीलदारांपुढे, आमदारांकडे आणि विधिमंडळात विचारता येतील. त्यांची उत्तरे देताना कोणतेही गुपित फुटत नाही. यंत्र कुठे आहे हे न सांगताही ‘तीन महिन्यांपूर्वी प्रत चढवून पाहिली, इतक्या तासांत सेवा उभी राहिली’ एवढे जाहीर करता येते. रस्त्याच्या कामाचा फलक लागतो, तसा वर्षातून एकदा या तालमीचा निकालही प्रसिद्ध व्हावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, विचारणारे लोक लागतात.

निजामाच्या काळात एखाद्या कारकुनाने बोरूने लिहिलेली ओळ आज कुणाच्या तरी नातवाच्या कामी येते. त्या कारकुनाला हा नातू माहीत नव्हता. त्याने फक्त आपले काम नीट केले, आणि कुणीतरी रुमाल नीट बांधून ठेवला. आज ती ओळ काचेच्या तंतूतून धावते, आणि रुमाल बांधण्याचे काम कुठल्याशा थंड खोलीत रात्री दोन वाजता चालते. ते नीट होते आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार ज्याची जमीन आहे त्याला आहे, आणि ती विचारणा आग लागायच्या आधी झालेली बरी.